पायांखालचा गालिचा

घरांतील कांहीं वस्तु डोळ्यांसमोर असतात आणि कांहीं पायांखालीं असतात. डोळ्यांसमोरच्या वस्तूंची निगा राखावी लागते, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. भिंतीवरची तसबीर तिरकी झाली तर आल्यागेल्याचें लक्ष जातें. पडद्याचा रंग उडाला तर शेजारीण दुसऱ्याच दिवशीं नव्या कापडाचें दुकान सुचविते. पायांखालच्या वस्तूंचें तसें नसतें. सतरंजी, पायपुसणें, जिन्यावरची चटई हीं सर्व झिजत झिजत अशा एका अवस्थेला येतात कीं, तो विटका रंग हाच त्यांचा मूळ रंग असावा असें वाटूं लागतें.

मोटारींतील गालिचा ही तर ह्या वर्गांतील सर्वांत उपेक्षित वस्तु. मोटार जुनी झाली म्हणजे लोक इंजिन पाहतात, टायर पाहतात, वरचा रंग पाहतात. तळावर पसरलेलें कापड उचलून पाहण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या घरीं २०२४ च्या उन्हाळ्यांत तें उचलावें लागलें. त्या निमित्तानें ज्या गोष्टी कळल्या, त्यांतील कांहीं मोटारीच्या होत्या व कांहीं आमच्या घराच्या. दोन्ही प्रकारच्या गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमची मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. मूळ घडण इटलींतील फियाट कंपनीची. १९६४ पासून ती येथें 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनूं लागली आणि १९७४ पासून तिला चितोडच्या पद्मिनीचें नांव मिळालें. तथापि पुण्यामुंबईच्या लोकांनीं हें बारसें मनावर घेतलें नाहीं. त्यांच्या तोंडीं ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन, सुकाणूच्या दांड्याला लावलेला गियर, आणि पुढें दोघांना ऐसपैस व तिघांना दाटीवाटीनें बसतां येईल असा एकसंध बाक, हें तिचें रूप एका पिढीच्या डोळ्यांत भरलेलें आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धांवण्याचा तिचा पेशा संपला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं घरचें माणूस गेल्यासारखे लेख लिहिले.

आमच्या मामंजींनीं ही मोटार १९७९ सालीं घेतली. त्या काळीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. त्यामुळें मोटार दारांत आली तो दिवस आमच्या घरांत एखाद्या मंगलकार्यासारखा सांगितला जातो. १९८४ च्या दिवाळींत मामंजींनीं तळाची रबरी मॅट काढवून डाळिंबी रंगाचा गालिचा बसवून घेतला. तीन मुलगे, तीन सुना, नातवंडें आणि आलागेला पाहुणा इतक्या सर्वांची ती एकुलती एक मोटार. २०११ सालीं मामंजी गेले. त्यानंतर ती वाड्याच्या दिंडीदरवाज्याच्या आंत उभी असे. दर रविवारीं हे तिचें इंजिन चालू करीत, पेठेंतून एक फेरी मारून आणीत, आणि पुन्हां तिच्यावर ताडपत्री घालीत.

प्रश्न उभा राहिला तो वाड्यामुळें. वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाची ठरली. तीन भावांना तीन सदनिका आणि प्रत्येकीमागें मोटारीची एक जागा, असा करार झाला. प्रत्येकाची एकेक नवी मोटार होतीच. चौथी कोठें उभी राहणार? त्यांतच नोंदणीची मुदत भरत आलेली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते; पुढें दर पांच वर्षांनीं ती तपासणीला नेऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मधल्या भाऊजींनीं स्पष्टच सांगितलें, "ह्या वेळीं तपासणींत खर्च घालूं नये. कोणी घेत असेल तर द्यावी, नाहीं तर भंगारांत घालावी. बाबांची आठवण आपल्याला गाडीशिवाय येत नाहीं काय?" भाऊजींचें म्हणणें व्यवहाराचें होतें. ह्यांच्या तोंडून उत्तर निघालें नाहीं. पण त्या दिवशीं ते जेवले नाहींत, एवढें माझ्या लक्षांत आलें. एका चुलीवर चाळीस वर्षें काढलेले भाऊ वेगळ्या दारांनीं राहावयास निघाले होते, आणि मोटारीचा वाद हा नुसता मोटारीचा नव्हता.

एक गिऱ्हाईक पाहूनही गेलें. त्यानें दार उघडलें, नाक मुरडलें आणि "आंत कुबट वास येतो" म्हणून दार लावून घेतलें. तेव्हां असें ठरलें कीं, ठेवावयाची असो वा विकावयाची असो, गालिचा आधीं काढून साफ करावा.

आमच्याकडे नाना पेठेंत मोटारीच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. त्या बाजारालगत बैठकी शिवणारे एक वृद्ध कारागीर आहेत. ह्या धंद्यांतील माणसाला 'कुशनवाला' म्हणतात. आमची मुलें त्यांना चाचा म्हणतात. त्यांनीं सांगितलें कीं, काढण्याचें काम घरीं करा, बसविण्याचें मी करीन; मात्र फाटका तुकडासुद्धां टाकूं नका. जुनें पोलकें उसवून त्यावरून नवें बेततात, तसाच जुना गालिचा हा नव्याचा नमुना असतो.

पुतण्या यंत्रशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो आणि मी असे आम्ही दोघें कामाला लागलों. प्रथम बॅटरीची तार सोडविली. बाकाच्या बोल्टांवर आदल्या रात्रीं तेल सोडून ठेविलें होतें, म्हणून ते सकाळीं मुकाट्यानें फिरले. दाराच्या उंबरठ्यावरील पट्ट्यांचे स्क्रू निरनिराळ्या डब्यांत घालून प्रत्येकावर चिठ्ठी चिकटविली. हें काम क्षुल्लक वाटतें; पण परत बसवितांना 'हा कोठला' हा प्रश्न ज्यानें एकदां सोडविला असेल, तो चिठ्ठीचें महत्त्व जाणतो.

गालिच्याचे तुकडे एकेक करून अंगणांत पसरले, तेव्हां आमच्या कुटुंबाची बसण्याची पद्धत डोळ्यांपुढें उभी राहिली. चालकाच्या जागीं, एक्सलरेटरच्या खालीं, बंद्या रुपयाएवढें भोंक पडलेलें होतें. मामंजींची उजवी टाच पंचवीसांहून अधिक वर्षें त्याच जागीं टेकत असे. त्याच्या डावीकडे, वडीलधाऱ्या पाहुण्याच्या जागीं, लव दाबून चामड्यासारखी गुळगुळीत झाली होती. मागें उजवीकडे आणि मध्यें मुलांचें राज्य. तेथें विरघळलेल्या गोळ्यांचे डाग, एक गोटी आणि पेन्सिलीचे दोन तुकडे मिळाले. मागें डावीकडे मात्र गालिचा नव्यासारखा होता. लव ताठ उभी, रंग दुकानांतून आणल्यासारखा डाळिंबी. ती जागा सासूबाईंची.

तो तुकडा इतरांसारखा चिकटविलेला नव्हता, नुसता अंथरलेला होता. तो उचलला तों खालीं नमद्याच्या जागीं गोधडी निघाली. आमच्या आजेसासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या चार घड्या, वर बारीक धांवदोरा, चारी कडांना नीट मगजी, आणि माप अगदीं त्या जागेचें. वरची घडी कोरडी होती, खालची काळी पडून कुजली होती. ती उचलली तेव्हां तिच्याबरोबर तळाचा पत्राही पापुद्र्यासारखा निघून आला आणि मोटारीच्या आंतून अंगणांतील फरशी दिसूं लागली.

सासूबाई शहायशीं वर्षांच्या आहेत. त्या ओसरीवरून हें सर्व पाहत होत्या. मीं विचारलें, "आई, ही गोधडी तुम्हीं घातली होतीत?"

"मग आणखी कोण घालणार? दर मृगाला नवी घालत होतें. हे गेल्यावर राहिलं तें."

"म्हणजे पाणी येत होतं, हें तुम्हांला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? साडीचा काठ भिजायचा. म्हणून मी मांडी घालून बसायची."

"मग मामंजींना कधीं सांगितलं नाहींत?"

त्यांनीं माझ्याकडे असें पाहिलें कीं, प्रश्नच पोरकट होता. "सांगितलं असतं तर गाडी पावसाळाभर गॅरेजांत गेली असती. श्रावणांत मला वाईला कोणीं नेलं असतं? एस्. टी. नं जा, म्हणाले असते, आणि एस्. टी. नं जायचं म्हटलं कीं घरांत कुणाला ना कुणाला ताप यायचा."

सासूबाईंचें माहेर वाईचें. दर श्रावणांत एक दिवस खंबाटकीचा घाट ओलांडून वाईला जावयाचें, कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसावयाचें आणि संध्याकाळीं परत यावयाचें, हा त्यांचा वर्षांतला एक हक्काचा दिवस होता. तो त्यांनीं गोधडीच्या चार घड्यांवर तोलून धरला होता. आपल्याकडे बायकांच्या अशा वागण्याला सोसणें म्हणतात आणि त्याचें कौतुक करतात. मला त्यांत सोसण्यापेक्षां हिशेब अधिक दिसला. काय मागितलें असतां काय जाईल, हें नेमकें ओळखून केलेला हिशेब. पण लोखंडाला हा हिशेब कळत नाहीं. पाणी आणि हवा दोन्ही मिळालीं कीं तें गंजतें. आणि भिजलेलें कापड पत्र्यावर दाबून ठेविलें तर एका सरीचें पाणी आठवडेच्या आठवडे तेथें टिकतें. पाय कोरडे राखण्यासाठीं घातलेल्या गोधडीनेंच तळ कुजविला होता. मामंजी पेट्रोलच्या थेंबाथेंबाची नोंद ठेवीत; ती वही अजून आमच्याकडे आहे. ह्या पाण्याची नोंद तींत नाहीं, कारण ज्या जागेवरून तक्रार यावयाची ती जागाच गप्प होती.

संध्याकाळीं भाऊजी आले. त्यांना तें भोंक दाखविलें व आईंचें बोलणें सांगितलें. ते बराच वेळ उकिडवे बसून आंत पाहत राहिले. मग म्हणाले, "विकायची कीं ठेवायची तें मागून बघूं. अशी मात्र कुणाला द्यायची नाहीं. पत्र्याचं काम माझ्याकडे." ह्या गाडीला निराळा सांगाडा नसतो, तळाचा पत्रा आणि वरचें अंग मिळूनच तिचें बळ असतें. त्यामुळें तळाचें भोंक म्हणजे घराच्या पायांतली भेग, हें त्यांना कोणीं समजावून सांगावें लागलें नाहीं.

पत्रा जोडण्यापूर्वीं पाणी कोठून येतें हें शोधणें आवश्यक होतें. नाहीं तर नवा पत्राही त्याच वाटेनें गेला असता. त्याची रीत सोपी आहे. पुतण्या विजेरी घेऊन आंत बसला आणि मीं बाहेरून लोट्यानें पाणी ओतलें. आधीं दाराच्या खालच्या भागावर, मग कांचेच्या कडेला, मग छताकडे. खालून वर जाण्याचें कारण असें कीं, वरून आरंभ केला तर पाणी सगळीकडेच ओघळतें आणि चोर सांपडत नाहीं. कांचेच्या कडेला पाणी ओततांच आंतून आरोळी आली. दाराच्या कांचेवरून ओघळलेलें पाणी दाराच्या पोकळींत उतरतें. तें बाहेर पडावें म्हणून दाराच्या तळाला बारीक छिद्रें ठेविलेलीं असतात. आमच्या मागल्या डाव्या दाराचीं छिद्रें मातीनें बुजलीं होतीं. दार पाण्यानें भरे आणि उंबरठ्यावरून आंत सांडे. दाराची रबरी कडही वाळून कडक झाली होती. लोकर विणावयाच्या सुईनें मीं तीं छिद्रें मोकळीं केलीं, तेव्हां निघालेली माती मुठींत मावेल एवढी होती. इतक्या वर्षांच्या ओलीचें मूळ तेवढेंच.

पत्रेवाल्यानें गंजलेला भाग निकोप पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि नवा पत्रा वेल्डिंगनें जोडला. वेल्डिंगपूर्वीं आंतील कापड, फोम, बैठकी, सर्व बाहेर काढलेंच पाहिजे. ठिणगीला जुनें कापड पुरेसें होतें. इतरत्र जो वरवरचा गंज होता तो तारेच्या ब्रशानें घासून, त्यावर फॉस्फरिक आम्लाचें द्रावण लावून, धुऊन, वाळवून, मग रेड ऑक्साइडचा हात व त्यावर रंगाचे दोन हात दिले. प्रत्येक हात पुरता वाळेपर्यंत थांबावें लागतें. त्या आठवड्यांत घरांतलें प्रत्येक माणूस कांहीं ना कांहीं निमित्तानें मोटारीपाशीं येऊन डोकावून गेलें. कित्येक महिने करारनाम्याखेरीज दुसरा विषय नसलेल्या घरांत रंग वाळला कीं नाहीं ह्यावर चर्चा झाली, हेंही थोडें नव्हे.

आतां गालिचा. चाचांनीं प्रथम त्याची जात ओळखली. एक धागा चिमट्यांत धरून काडी लावली. लोकर असती तर केंस जळल्याचा वास आला असता आणि बोटानें चुरडणारी राख राहिली असती. आमचा धागा वितळून त्याचा कडक मणी झाला. म्हणजे तो कृत्रिम होता. मग दुसरा धागा साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यांत बुडविला. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें असल्यामुळें तरंगतें. हा तळाशीं गेला. चाचा म्हणाले, "नायलॉन आहे. रंग धरील." नायलॉन लोकरीप्रमाणेंच आम्लरंग पितें, पॉलिप्रॉपिलीनला घरगुती रीतीनें रंग चढत नाहीं. विटलेला गालिचा रंगवावयास घेण्यापूर्वीं ही परीक्षा करून घ्यावी, म्हणजे श्रम फुकट जात नाहींत.

असल्या गालिच्यांचा इतिहास वाचून मला मोठी गंमत वाटली. अमेरिकेंत जॉर्जिया राज्यांत डाल्टन म्हणून एक गांव आहे. त्या परिसरांतील कॅथरिन एव्हान्स नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनें १८९५ सालीं एक जुना पलंगपोस पाहून तसा दुसरा हातानें तयार केला. कापडावर जाड सुती धाग्याचे टाके घालावयाचे, ते वरून कापून त्यांचे गोंडे करावयाचे आणि कापड कढत पाण्यांत धुवावयाचें. कापड आटलें कीं गोंडे घट्ट धरले जातात. १९०० सालीं तिनें असा एक पलंगपोस अडीच डॉलरांस विकला. मागणी वाढली, शेजारणी शिकल्या, घरोघर हें काम चालूं लागलें. पुढें त्याचीं यंत्रें निघालीं आणि १९५० नंतर त्याच रीतीनें गालिचे बनूं लागले. कापड आटविण्याऐवजीं आतां मागल्या बाजूला लॅटेक्सचा लेप देतात, एवढाच फरक. जगांतील असंख्य गालिचे आज ह्या टाक्यानें बनतात. सासूबाईंना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे गोधडीचीच बहीण."

धुण्याची रीतही सांगून ठेवतें. प्रथम तुकडा उलटा टाकून मागून काठीनें झोडपावा आणि मग यंत्रानें धूळ ओढून घ्यावी. लवेच्या मुळाशीं बसलेली रेती प्रत्येक पावलाला धागा कापीत असते. गालिचा पायानें झिजतो त्याहून रेतीनें अधिक झिजतो. तेलाच्या डागावर खडूची भुकटी रात्रभर दाबून ठेवावी. नंतर कोमट पाणी व सौम्य साबण ह्यांनीं मऊ ब्रश फिरवावा, पांढऱ्या फडक्यानें टिपून घ्यावें, चोळूं नये. वाळवणें सावलींत आणि वाऱ्यावर. लव चेपली असेल तेथें वाफ देऊन ब्रशानें उभी करावी. भोंकाला ठिगळ हवें असल्यास तें बाकाखालच्या न दिसणाऱ्या भागांतून काढावें आणि लवेचा कल जुळवून मागून कापड चिकटवून बसवावें. कल उलटा झाला तर रंग एकच असूनही ठिगळ दुरून ओरडतें.

मागचे सर्व तुकडे अशा रीतीनें सुधारले. खरी अडचण चालकाच्या जागेची होती. ह्यांचें म्हणणें, तें भोंक तसेंच ठेवावें. "बाबांची टाच आहे ती," एवढेंच ते म्हणाले, आणि आम्ही सर्व गप्प झालों. पुतण्यानें मात्र आपला मुद्दा सोडला नाहीं. भोंकाच्या फाटलेल्या कडेंत बुटाची टाच अडकली, किंवा सैल कापड एक्सलरेटरखालीं गेलें, तर काय होईल? २००९ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत चुकीच्या मापाच्या मॅटमध्यें एक्सलरेटर अडकून एका मोटारींतील चार माणसें प्राणांस मुकलीं; त्यानंतर टोयोटा कंपनीला सुमारें ३८ लक्ष मोटारींच्या मालकांना मॅट काढून ठेवण्याची सूचना द्यावी लागली. मुलगा हें सांगत होता आणि हे भोंकाकडे पाहत होते. दोघांचेंही खरें होतें. म्हणूनच कोणाची बाजू घ्यावी हें मला समजेना.

निकाल सासूबाईंनीं दिला. "त्यांचा पाय माझ्या लक्षांत आहे. तुमचे पाय अडकूं देऊं नका. नवा घाला." आणि गोधडीविषयीं मीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "वरची घडी चांगली आहे ना? फडकीं करा."

तेव्हां चालकाच्या जागेपुरता नवा तुकडा घ्यावयाचें ठरलें. जुना तुकडा चाचांनीं नव्यावर उलटा ठेवून खडूनें त्याची आकृती काढून घेतली; त्याचें शेवटचें काम तें. टाचेच्या जागीं रबराची जाड पट्टी शिवून घेतली. मगजी लावतांना सासूबाई खुर्ची घेऊन जवळ बसल्या होत्या. "कोपऱ्यावर ओढून घेऊं नका, थोडी सैल सोडा, नाहीं तर धुतल्यावर कोपरा वर येतो," असें त्यांनीं सांगितलें. चाचांनीं मशीन थांबविलें, दोन टाके उसविले आणि म्हणाले, "आईंचं बरोबर आहे."

बसविण्याच्या दिवशीं तुकडे अर्धा तास उन्हांत ठेवून मऊ करून घेतले. मधल्या उंचवट्यापासून आरंभ करून दोन्ही बाजूंना हात फिरवीत गेलें म्हणजे सुरकुती राहत नाहीं. बोल्टांसाठीं छिद्र पाडतांना ड्रिल लावूं नये; लव त्याच्याभोंवतीं गुंडाळली जाऊन एक सबंध रेघ उसवते. चाचांनीं तापविलेल्या अरीनें छिद्रें पाडलीं. नमदा पाणी धरतो म्हणून त्याऐवजीं पाणी न शोषणारा फोम घातला. मागचा डावा तुकडा चिकटविला नाहीं. त्याला टिचबटणें लावलीं, म्हणजे दर पावसाळ्यानंतर तो उचलून पाहतां येईल. शेवटीं पुतण्यानें एक्सलरेटर तळापर्यंत दहा वेळां दाबला आणि तो दहाही वेळां मोकळा वर आला कीं नाहीं हें पाहिलें. ही परीक्षा झाल्याखेरीज गालिच्याचें काम पुरें झालें असें कोणीं मानूं नये.

मोटार तपासणींत उतरली. पांच वर्षांची मुदत मिळाली. जागेचा प्रश्न आम्हीं दोघांनीं सोडविला. पुण्यांत मेट्रो सुरू झाल्यापासून निवृत्त माणसांना रोजच्यासाठीं मोटार लागत नाहीं. आम्हीं आमची नवी मोटार विकली आणि तिची जागा फियाटला दिली. भाऊजींनीं ह्यावर कांहीं मत दिलें नाहीं. नोंदणीची फी भरल्याची पावती मात्र त्यांनींच आणून पेट्रोलच्या वहींत ठेविली. वेगळीं दारें व्हावयाचीं तीं होणारच आहेत. गालिच्यानें करारनामा बदलला नाहीं. पण तिन्ही दारांतून खालीं उतरल्यावर एक मोटार तिघांची असेल, एवढें ठरलें.

त्या श्रावणांत सासूबाईंना वाईला नेलें. ह्यांनीं त्यांच्यासाठीं पुढचें दार उघडलें होतें. त्या म्हणाल्या, "माझी जागा मागें आहे." खंबाटकीच्या घाटांत पावसाची मोठी सर आली. मीं वळून पाहिलें तों त्यांनीं चपला काढून दोन्ही पाय डाळिंबी गालिच्यावर सोडले होते आणि कांचेंतून बाहेर पाहत होत्या.

ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांनीं पावसाळा संपतांच एकदां तिचा गालिचा उचलून पाहावा. दारांच्या तळाचीं छिद्रें सुईनें मोकळीं करावीं, ओल लागली तर ती पुरती वाळूं द्यावी, आणि मगच वरचें कापड पसरावें. उचलतांना आरंभ कोठून करावा, असें कोणी विचारील तर माझें सांगणें एवढेंच कीं, जेथें झीज दिसते तेथून नको. ज्या जागेवरून आजवर कधींच तक्रार आली नाहीं, तेथून करावा.